जानेवारीतलं नेपाळ

पालकांनो, शिक्षिका असूनही सांगते, जानेवारीत चार दिवस शाळा बुडाली तरी चालेल, पण मुलांना नेपाळ दाखवा. व्हिसा लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत तिथे ट्रेकर्सची झुंबड असते. जानेवारीत ती ओसरते, खोल्याही स्वस्त मिळतात. पोखराला पहाटे दात वाजतात खरे, पण आकाश मोकळं असलं की ६,९९३ मीटरचा माछापुच्छ्रे फेवा तलावात उलटा दिसतो! आम्ही उतरलो तिथे दुसरं कुणीच नव्हतं. म्हणून मालकीणबाईंनी लेकीला चुलीपाशी बसवून मोमो वळायला शिकवलं, अगदी मोदकासारख्या कळ्या पाडून. आपले १०० म्हणजे तिथले १६० रुपये, हा हिशेब ती दुकानात तोंडी करायची. वर्गात हाच हिशेब फळ्यावर मांडला की निम्मी मुलं जांभया देतात. बुडालेल्या अभ्यासाचं आम्ही बघू.