रिफायनरीने तेलाची आयात कमी होत नाही

आमच्या मिरजोळ्यात जुम्याच्या नमाजनंतर गप्पा निघाल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं: "रिफायनरी झाली असती तर देशाची परकीय तेलातून सुटका झाली असती आणि आपल्या पोरांना आखातात जावं लागलं नसतं." माझा विरोध या वाक्याच्या पहिल्या अर्ध्याला आहे, कारण ते साफ खोटं आहे.

रिफायनरी तेल काढत नाही, शुद्ध करते. नाणारला वर्षाला 6 कोटी टन कच्चं तेल शुद्ध करायचं ठरलं होतं. भारतात सगळं मिळून निघतं जेमतेम 3 कोटी टन, तेही आधीच्या रिफायनऱ्यांत खपतं. मग नाणारचं तेल कुठून येणार होतं? 2018 मध्ये सौदी अरामको आणि अबुधाबीची अ‍ॅडनॉक या प्रकल्पात निम्म्या भागीदारीला तयार झाल्या. तेल विकणारा गिऱ्हाईकाचं व्यसन सोडवायला पैसे गुंतवतो का?

मार्च 2015 मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलं होतं की 2022 पर्यंत आयातीवरचं अवलंबित्व 10 टक्क्यांनी कमी करू. तेव्हा ते 77 टक्क्यांच्या आसपास होतं. 2023-24 मध्ये ते 87 टक्क्यांवर गेलं. आकडा दहाने हलला, पण उलट्या दिशेला! त्याच काळात स्वावलंबनाच्या नावाने आधी नाणार आणि मग बारसूच्या लोकांकडे जमीन मागितली गेली. एप्रिल 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाला विरोध करणाऱ्या बायाबापड्यांना पोलिसांनी उचललं. देशद्रोही कोण, प्रश्न विचारणारे की चुकीचा हिशेब सांगणारे?

खरी बचत आपल्या दारावरून जाते. 2022 मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत इंजिनं विजेवर धावू लागली. ती वीज बरीचशी कोळशाची, त्याचा धूर हा वेगळा प्रश्न आहेच. पण तेवढं डिझेल वाचलं आणि त्यासाठी कुणाची आंब्याची बाग गेली नाही.

आपली कित्येक घरं आखाताच्या पगारावर उभी आहेत, म्हणून तेलाची किंमत आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळायला हवी. रोजगार मागा, जरूर मागा. एसटी विजेवर चालवा, एमआयडीसीच्या छपरांवर सौर पॅनल बसवा, ती कामं आपल्या आयटीआयच्या पोरांना द्या, असं मागा. रिफायनरी हवी असेल तर तिचीही बाजू मांडा, पण नफ्याचा धंदा म्हणून मांडा. तिला स्वावलंबन म्हणू नका.