वाहता कान, तेलाची बाटली आणि शस्त्रकर्माचा काळ

मुलांच्या कानाचा विषय निघाला की वैद्यवर्गात दोन टोकांची मते ऐकू येतात. एका वर्गाचे म्हणणे असे की, बालकाच्या कानाला शस्त्र लावूच नये, वय वाढले की स्राव आपोआप थांबतो. दुसरा वर्ग, विशेषतः नव्याने व्यवसायात आलेले आमचे तरुण बंधू, कान वाहताना दिसताच अकोल्याची वा अमरावतीची चिठ्ठी लिहून मोकळे होतात. आमच्या मते या दोन्ही भूमिकांत एक गोष्ट समान आहे. दोघांनीही कानात डोकावून पाहिलेले नसते.

कामरगाव व कारंजा तालुक्यातील आसपासच्या खेड्यांत वाहता कान हा रोग म्हणून गणलाच जात नाही. ‘कान फुटला’ एवढे म्हणून विषय संपतो. लसूण तळलेले तेल घालून होते, दुकानातून थेंबांची बाटली येते, सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी उरकेपर्यंत मूल तसेच राहते. आईबापांना दोष देण्यात अर्थ नाही. एका दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गावी जायचे तर त्याचे कारण त्यांना पटले पाहिजे, आणि ते पटवून देणारा पहिला माणूस बहुधा आपल्यापैकीच असतो.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या विसाव्या अध्यायात अठ्ठावीस कर्णरोग वर्णिले आणि एकविसाव्यात त्यांची चिकित्सा सांगितली. कर्णस्रावात शिरोविरेचन, धूपन, पूरण, प्रमार्जन, धावन हे उपक्रम सांगताना ते प्रत्येक वेळी पाहून पाहून योजावेत, असे आचार्य बजावतात. आपण पूरण तेवढे उचलले व पाहणे सोडून दिले. सूत्रस्थानातील कर्णसंधानाचा व पंधरा बंधांचा उल्लेख आपल्या प्रत्येक चर्चासत्रात अभिमानाने होतो, तो व्हावाही. परंतु ज्यांना तो मुखोद्गत आहे, त्यांच्यापैकी कितीजणांच्या टेबलावर चालू स्थितीतील ओटोस्कोप आहे, हा प्रश्न अप्रिय असला तरी विचारणे भाग आहे.

पडदा दिसला की निर्णय बराचसा सोपा होतो. छिद्र पडद्याच्या मध्यभागी आहे, स्राव पातळ, भरपूर व दुर्गंधरहित आहे, सर्दीबरोबर वाढतो व कमी होतो, अशा कानाला घाई नसते. कान कोरडा ठेवणे, प्रतिश्यायाची चिकित्सा करणे, आहार सुधारणे हे आपले क्षेत्र आहे. (सात वर्षांखालील बालकास नस्य वर्ज्य, मात्र प्रतिमर्श चालतो, याचे स्मरण असावे.) छिद्र टिकून राहिल्यास पडदा जोडण्याचे शस्त्रकर्म करता येते. त्याच्या वयाबद्दल शल्यविशारदांत मतभेद आहेत. वारंवार होणारी सर्दी कमी होईपर्यंत, म्हणजे साधारण सात-आठ वर्षांपर्यंत, थांबणे अनेकजण पसंत करतात. दोन्ही कानांनी कमी ऐकू येऊन मूल शाळेत मागे पडत असेल तर मात्र त्याआधीही विचार करावा लागतो.

याउलट स्राव थोडाच, परंतु कुजकट वासाचा असेल, छिद्र पडद्याच्या वरच्या भागात वा कडेला असेल, आत पांढुरके पापुद्रे किंवा मांसांकुर दिसत असतील, तर तो कोलेस्टिआटोमा समजून चालावे. हा विकार हाड पोखरतो, आणि मुलांमध्ये तो मोठ्यांपेक्षा वेगाने पसरू शकतो. येथे वयाची अट नाही, थांबण्याची मुभा नाही, आणि कोणतेही तैल, गुग्गुळ वा प्रतिजैविक शस्त्रकर्माची जागा घेऊ शकत नाही. कानामागे सूज, तोंड वाकडे होणे, चक्कर, तापासह तीव्र डोकेदुखी व उलट्या यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी रुग्ण हलवावा. मेंदूपर्यंत पोचलेल्या पुवाची कहाणी ‘कान तर केव्हापासूनच वाहत होता’ या वाक्याने सुरू होते, हे आपण सर्वजण जाणतो.

तिसरा प्रकार स्राव नसलेल्या कानाचा. पडद्यामागे चिकट द्रव साचतो, दुखत नाही, मूल हाकेला ओ देत नाही आणि गुरुजी त्याला ढ ठरवतात. यातील बहुतेक मुले तीन महिन्यांत आपोआप बरी होतात, म्हणून पहिल्याच भेटीत शस्त्रकर्म सुचविणे अनाठायी होय. दोन्ही कानांत द्रव तीन महिन्यांहून अधिक टिकला आणि श्रवणचाचणीत ऐकणे कमी झाल्याचे दिसले, तर पडद्यात ग्रोमेट ही बारीक नळी बसविणे योग्य ठरते. टाळू दुभंगलेल्या बालकाच्या बाबतीत अधिक दक्ष राहावे.

जन्मतः बहिऱ्या बालकाचे गणित अगदी उलटे आहे. तेथे प्रत्येक महिना मोलाचा. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय, असा क्रम सर्वमान्य आहे. यंत्राचा उपयोग न झाल्यास कॉक्लिअर इम्प्लांट जितके लवकर, तितकी वाणी चांगली. ‘उशिरा बोलेल’ हा धीर अशा घरी देऊ नये. पुढे आलेले कान हा केवळ दिसण्याचा प्रश्न. तो पाच-सहा वर्षांनंतर, मुलाला स्वतःला सलत असेल तरच हाती घ्यावा.

औषधी दुकानदार बंधूंना एक स्पष्ट विनंती. वाहत्या कानासाठी तेलाची बाटली, मग ती कितीही नामांकित शास्त्रोक्त कल्पाची असो, वैद्याने पडदा पाहिल्याशिवाय देऊ नये. जेंटामायसिनसारखे काही थेंबही फुटक्या पडद्यातून आत जाऊन श्रवणास अपाय करू शकतात. विक्री थोडी घटेल, हे मान्य.

2020 च्या अधिसूचनेने शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर शिक्षणात एकोणीस शस्त्रकर्मे नमूद केली. त्यावरचा वाद सर्वश्रुत आहे. तो अधिकार प्रशिक्षित पदव्युत्तरांचा आहे. आपणा सामान्य व्यावसायिकांचे काम योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठविण्याचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांत आयुष पदवीधर व औषधनिर्माते आहेत, ते अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा जातात, आणि कानाचा दाह त्यांच्या यादीत आहे. अकोल्यास 2002 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वाशीम व अमरावती येथील महाविद्यालयांचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2024 रोजी झाले. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कानाच्या शस्त्रकर्मांचा समावेश आहे. चिठ्ठीत केवळ ‘कान वाहतो’ न लिहिता छिद्र कोठे, स्राव कसा, किती महिने, दुसरा कान कसा, एवढे लिहावे आणि शिधापत्रिका व आधार सोबत नेण्यास सांगावे.

शस्त्रकर्मानंतर मूल परत आपल्याच गावी येते. विहिरीत पोहायचे नाही, डोक्यावरून अंघोळ घालताना कानात व्हॅसलीन लावलेला कापूस ठेवायचा, नाक जोरात शिंकरायचे नाही, ठरलेल्या तारखेस पुन्हा दाखवायचे. कोलेस्टिआटोमाच्या मुलांना तर वर्षानुवर्षे, कारण तो पुन्हा उद्भवतो. ती तारीख आपल्या दवाखान्याच्या वहीतही लिहिलेली असावी.