पाणी सर्वांचे, श्रमही सर्वांचे

तमिळनाडूत कुंभकोणमजवळ तिरुवलंचुळी हे गाव आहे. तेथे कावेरी भूमीत लुप्त झाली व एका ऋषीने आत्मबलिदान करून तिला परत आणले, अशी आख्यायिका आहे. प्रत्यक्षात तमिळ प्रदेशातील तळी आणि पाट राखले गेले ते ‘कुडिमरामत्तु’ या प्रथेने. कुडी म्हणजे रयत आणि मरामत्तु म्हणजे आपल्या परिचयाची मरामत. गावकरी एकत्र येऊन गाळ उपसत. २०१७ मध्ये राज्य सरकारने याच नावाची योजना सुरू केली. निधी सरकार देऊ शकते. वर्षानुवर्षे देखरेख मात्र गावातील स्वयंसेवकच करू शकतात. पूर्वी अनेक ठिकाणी हे कष्ट दुर्बलांवरच लादले जात. म्हणून माझे मत असे, की ज्या घराला पाणी मिळते, त्या प्रत्येक घराने श्रमाचा वाटा उचलावा. एकाच्या बलिदानावर नदी टिकत नाही.