संसारांतील यंत्रें : दोष कोणाचा?

घरांत एखादी वस्तु बिघडली कीं "कशी बिघडली?" हा प्रश्न मागाहून येतो, "कोणीं बिघडविली?" हा आधीं. एकत्र कुटुंबांत तर ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर बहुधा तयारच असतें आणि तें घरांत सर्वांत अलीकडे आलेल्या माणसाच्या नांवावर खपविलें जातें. ह्या महिन्यांत जी हकीकत सांगणार आहें ती एका आजारी संगणकाची आहे. पण ती सांगतांना मला थोडी लाज वाटते, हें आरंभींच कबूल करतों.

गोष्ट २००३ सालची. मालवणास आमचें जुनें चिरेबंदी घर आहे. थोरले काका तेव्हां ऐंशी ओलांडून गेलेले होते. आयुष्यभर शिक्षकाचा पेशा केल्यावर उतारवयांत त्यांनीं आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार करण्याचें काम हातीं घेतलें होतें. कोणती शाखा कोणत्या गांवाहून आली, कोण मुंबईस गेला, कोणाचा वंश कोठें खुंटला, ही सर्व माहिती पत्रांतून व वडिलधाऱ्यांच्या आठवणींतून गोळा करून ते सांगत, आणि माझ्या धाकट्या भावाची पत्नी ती संगणकावर उतरवून घेई. दीड वर्षांत सुमारें चारशें पृष्ठें झालीं होतीं. काकांची दृष्टि मंदावत चालली होती. एकदां सांगितलेलें पुन्हां सांगण्याइतकें आयुष्य आपल्याजवळ आहे, असा त्यांना भरंवसा नव्हता. आणि त्या मजकुराची दुसरी प्रत आम्हीं कोठेंही ठेविलेली नव्हती.

त्या वर्षीं नारळी पौर्णिमा १२ ऑगस्टला आली. बंदरावर समुद्राला नारळ अर्पण झाला, पोहे-नारळीभाताचीं जेवणें झालीं, आणि त्यानंतर दोन दिवसांनीं संध्याकाळीं काका टेलिफोनची तार जोडून मुंबईच्या नातेवाइकांचीं उत्तरें पाहत बसले होते. एकाएकी पडद्यावर एक चौकट उमटली. यंत्र बंद होत आहे, हातांतलें काम जपून ठेवा, अशी तींत सूचना होती, आणि खालीं साठापासून उलटे आंकडे धांवत होते. शून्य होतांच पडदा काळा झाला आणि यंत्र आपोआप पुन्हां सुरू झालें. पुन्हां तार जोडली. पांच-सात मिनिटांत पुन्हां तीच चौकट. रात्रीपर्यंत हा प्रकार दहाबारा वेळां झाला.

घरांत निदानांना तोटा नव्हता. काकूंनीं दृष्ट काढण्याचें सुचविलें. मीं पावसाळ्यांतल्या विजेस दोष दिला. चुलतभाऊ म्हणाला, खाऱ्या हवेनें आंतल्या तारा गंजल्या असतील. शेवटीं कोणी तरी म्हणालें, "हा व्हायरस असावा." व्हायरस ई-मेलनें येतो, एवढें आम्हां सर्वांस ठाऊक होतें. २००० सालच्या मे महिन्यांत प्रेमपत्राच्या मिषानें जगभर पसरलेल्या व्हायरसची बातमी वर्तमानपत्रांत वाचलेली होती. आतां घरांत बाहेरदेशाहून नियमानें पत्रें येणारें माणूस एकच होतें. धाकट्या सूनबाईचा भाऊ अमेरिकेंत असे आणि दर आठवड्यास त्याचें पत्र येई.

काका कठोर नव्हते. पण चारशें पृष्ठांची धास्ती त्यांच्या मनांत होती. ते म्हणाले, "सूनबाई, आजपासून तुझ्या माहेरचीं पत्रें ह्या यंत्रावर नकोत." ती "बरें" म्हणाली आणि आंत गेली. त्यानंतर आठ दिवस ती संगणकाजवळ फिरकली नाहीं, आणि कुलवृत्तांतही जेथल्या तेथें थांबला.

आठ दिवसांनीं कुडाळहून एक तरुण कारागीर आला. त्यानें यंत्र उघडलें नाहीं, कोणास कांहीं दोष दिला नाहीं. एकच प्रश्न विचारला: "टेलिफोनची तार काढल्यावरही हा बंद पडतो काय?" इतक्या निदानांत हें करून पाहण्याचें कोणास सुचलें नव्हतें. तार काढली. यंत्र दोन तास बिनतक्रार चाललें. तेव्हां तो म्हणाला, "काका, पत्राचा कांहीं संबंध नाहीं. ह्याला पत्र लागतच नाहीं."

पुढें त्यानें जें सांगितलें तें वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. ज्याला व्हायरस म्हणतात तो दुसऱ्या फाइलीच्या आश्रयानें राहतो आणि ती कोणीं तरी उघडल्याखेरीज जागा होत नाहीं. आमच्या यंत्रास जडला होता तो 'ब्लास्टर' नांवाचा किडा. तो ११ ऑगस्ट २००३ रोजीं, म्हणजे नारळी पौर्णिमेच्या आदल्याच दिवशीं, जगांत प्रथम दिसला होता. किड्यास कोणाच्या हाताची गरज नसते. तो स्वतःच इंटरनेटवर एकामागून एक यंत्राचें दार ठोठावीत फिरतो. विंडोजमध्यें दुसऱ्या यंत्रांचे निरोप घेणारी एक सेवा असते. १३५ क्रमांकाच्या दारावर ती बसलेली असते. निरोपासाठीं राखलेल्या जागेंत मावणार नाहीं इतका लांब निरोप हा किडा तिच्याकडे धाडी. जास्तीचा मजकूर शेजारच्या जागेंत सांडे आणि यंत्र त्यालाच आज्ञा समजून पाळूं लागे. मात्र समोरचें विंडोज कोणत्या पिढीचें आहे हें किड्याला ठाऊक नसे. तो अंदाज बांधी. अंदाज चुकला कीं ती सेवाच कोलमडे, आणि तिच्यावांचून विंडोजचें चालत नसल्यामुळें यंत्र साठ सेकंदांची मुदत देऊन स्वतःस बंद करी व पुन्हां उभें राही. म्हणजे पुनःपुन्हां बंद पडणें हा किड्याचा हेतु नव्हता; चुकलेल्या घावाची ती खूण होती. ह्या सर्व उपद्रवाचा आकार किती, तर ६,१७६ बाइट. टंकलिखित तीन-चार पानांहून अधिक नाहीं.

काकांनीं विचारलें, "मग आपल्या दाराला कडीच नव्हती काय?"

"होती. लावलेली नव्हती," तो म्हणाला.

हें अक्षरशः खरें होतें. त्या विंडोज एक्सपीमध्यें बाहेरचे निरोप अडविणारी फायरवॉल पहिल्यापासून होती, पण ती आपण होऊन चालू करावी लागे. ती आपोआप चालू ठेवण्याची व्यवस्था ऑगस्ट २००४ मधील सुधारणेनें झाली. शिवाय दाराची ती फटही बुजविलेली होती. मायक्रोसॉफ्टनें तिच्यावरील दुरुस्ती १६ जुलै २००३ रोजींच प्रसिद्ध केली होती. किडा आला तो त्यानंतर २६ दिवसांनीं.

येथें मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. जुलैच्या अखेरीस पडद्याच्या कोपऱ्यांत 'नवीन दुरुस्ती आली आहे, उतरवून घ्यावी' अशी सूचना येत असे. टेलिफोनचें बिल वाढेल म्हणून मीं ती दोनदां बाजूस सारली होती. सूनबाईवर आळ आला त्या रात्रीं मला तें आठवलेंही होतें. पण त्याचा ह्याच्याशीं कांहीं संबंध नसेल, अशी मीं मनाची समजूत घातली आणि गप्प राहिलों. त्या कारागिराच्या देखत मीं तें सर्वांस सांगितलें.

दुरुस्तीस पाऊण तास लागला. तार काढलेली ठेवून त्यानें प्रथम फायरवॉल चालू केली. चालू कामांच्या यादींतून 'एमएसब्लास्ट' हें नांव शोधून तें काम थांबविलें, त्याची फाइल व ती दर वेळीं सुरू करणारी नोंद पुसली, बरोबर आणलेल्या तबकडीवरून मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती बसविली, आणि मगच तार जोडली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधीं तार जोडून दुरुस्ती उतरवूं गेलें असतां ती पुरी होण्यापूर्वींच साठ सेकंद भरत. कुलवृत्तांत जसाच्या तसा होता.

त्या संध्याकाळीं काकांनीं सूनबाईस ओटीवर बोलाविलें. घरचीं सर्व माणसें होतीं. ते म्हणाले, "मुली, मी चुकलों. तुझ्या भावाला पत्र लिही, आणि त्यांत माझा आशीर्वाद व ही चूक दोन्ही कळीव." ती एवढेंच म्हणाली, "लिहितें. पण आधीं कुलवृत्तांताची एक प्रत तबकडीवर काढून ठेवूं द्या." चारशें पृष्ठांची खरी काळजी कोणास होती, हें तेव्हां आम्हांस कळलें.

ब्लास्टरची एक सुधारून वाढविलेली आवृत्ति सोडणारा अमेरिकेंतील मुलगा अवघा अठरा वर्षांचा निघाला; २००५ सालीं त्यास १८ महिन्यांची शिक्षा झाली. तरीही जगानें धडा घेतला असें म्हणवत नाहीं. १३ एप्रिल २००४ रोजीं दुरुस्ती निघाली आणि १७ दिवसांनीं 'सॅसर' आला. त्यानेंही यंत्रें अशींच बंद पाडलीं. १४ मार्च २०१७ रोजीं दुरुस्ती निघाली आणि ५९ दिवसांनीं, १२ मे रोजीं, 'वॉनाक्राय' आला. त्यानें तर फाइली कुलुपांत घालून खंडणी मागितली. तिन्ही वेळां औषध रोगाच्या आधीं आलेलें होतें. आपल्याकडेही हें औषध करणारे निघाले. मूळचे सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यांत कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. धाकटे बंधु संजय ह्यांनीं गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत व्हायरस काढण्याचे प्रोग्राम लिहिले, आणि त्यांतून 'क्विक हील' उभी राहिली.

आज कोणाचा संगणक पुनःपुन्हां बंद पडत असेल तर एवढें करावें. इंटरनेटची तार किंवा वाय-फाय काढून पाहावें. तरीही बंद पडत असेल, विशेषतः विंडोज सुरू होण्यापूर्वींच पडत असेल, तर दोष बहुधा व्हायरसचा नसून उष्णतेचा, धुळीचा किंवा वीज पुरविणाऱ्या पेटीचा असतो. आमच्यासारख्या खाऱ्या हवेंत तर पंख्यांत सांचलेली धूळ व जोडांवरील गंज आधीं पाहावा. इंटरनेट काढतांच थांबत असेल तर किड्याचा संशय घ्यावा, आणि तें न जोडतांच तपासणी करवावी. भारत सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'नें २०१७ पासून सफाईचीं साधनें विनामूल्य उपलब्ध केलीं आहेत. विंडोज १० ची नेहमींची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आहे, हेंही जुनें यंत्र वापरणाऱ्यांनीं विसरूं नये. आणि मोलाच्या मजकुराची एक प्रत यंत्राबाहेर असावी. ती काढून झाल्यावर यंत्राला जोडून ठेवूं नये.

आमचा कुलवृत्तांत पुढल्या वर्षीं छापून झाला. 'लेखनसाहाय्य' म्हणून त्यावर सूनबाईचें नांव काकांनीं स्वतः घालविलें. घरांत यंत्र बिघडलें कीं आतां प्रथम तार काढतात. नांव मागाहून काढतात, आणि बहुतेक वेळां तें काढण्याची गरजच पडत नाहीं.