कोळशाच्या पोत्याचा हिशोब

"टॅमनी हॉलवाले खात असतील, पण गरिबाच्या घरी कोळसा तरी पोचवायचे ना!" परवा जेवताना एका मित्राने हे ऐकवलं आणि माझं डोकंच फिरलं.

अरे बाबा, कोळसा कोणाच्या पैशाने? न्यूयॉर्कच्या कोर्टाच्या इमारतीसाठी आधी मंजूर झाले 2.5 लाख डॉलर. 1871 पर्यंत बॉस ट्वीडच्या टोळीने तो खर्च 1 कोटीच्या वर नेला! ते पैसे शहराच्याच खिशातले.

नोकऱ्यांचंही तेच. कस्टम हाऊसमध्ये चिकटलात की पगारातला वाटा पक्षाला. 1881 मध्ये अशाच नोकरीसाठी हेलपाटे घालणाऱ्या गिटोने राष्ट्राध्यक्ष गारफिल्डना गोळ्या घातल्या, तेव्हा कुठे 1883 चा पेंडलटन कायदा आला. सही कोणाची? चेस्टर आर्थरची, म्हणजे त्याच कस्टम हाऊसच्या माजी कलेक्टरची! (हे मला भारी आवडतं.) पण परीक्षा लागली ती सुरुवातीला जेमतेम दहातल्या एका केंद्रीय नोकरीला. शहरांतले बॉस मजेत.

कोळसा मिळाला, मान्य. पण हक्क म्हणून नाही, उपकार म्हणून. आणि मतदानाच्या दिवशी तो चोख वसूल व्हायचा.

"पण मिळाला ना?" मित्र म्हणाला. आमटी केव्हाच गार झाली होती.