मंजुरी शस्त्रक्रियेला, मग पुढच्या आयुष्याला का नाही?

कामगाराच्या आजारपणाचा भार सामुदायिक निधीतून उचलला जावा, हे तत्त्व १८८३ साली बिस्मार्कच्या राजवटीत ज्या देशाने कायद्यात उतरविले, त्या जर्मनीत आज अतिस्थूल माणसाच्या जठरावरील शस्त्रक्रियाही आरोग्य-विमा निधीच्या खर्चाने होऊ शकते, ही गोष्ट त्या देशाच्या न्यायबुद्धीला भूषणावह आहे. परंतु त्याच निधीचे नियम शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्याकडे ज्या कोरडेपणाने पाहतात, तो मला अन्यायाचा वाटतो. आणि आपल्याकडेही तोच शिरस्ता रूढ होऊ पाहत असल्यामुळे मराठी वाचकांनी त्याची दखल घेतली पाहिजे.

हा हक्क रुग्णांना सहजासहजी मिळालेला नाही. अन्य सर्व उपाय थकल्यावर अशा शस्त्रक्रियेचा खर्च निधीने सोसणे प्राप्त आहे, असा निर्णय कासेल येथील संघीय सामाजिक न्यायालयाने १९ फेब्रुवारी २००३ रोजी दिला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. उंचीच्या मानाने वजन मोजणारा जो बीएमआय, तो चाळीसच्या वर असेल, किंवा पस्तीसच्या वर असून जोडीला मधुमेहासारखी व्याधी असेल, तर सामान्यतः सहा महिने आहार, व्यायाम आणि मानसोपचार यांचा प्रामाणिक प्रयत्न करून त्याचे दाखले अर्जासोबत जोडावे लागतात. अर्ज वैद्यकीय छाननीसाठी जातो, नामंजूर झाल्यास एका महिन्याच्या मुदतीत हरकत नोंदवावी लागते, आणि तीही फेटाळली गेली तर विमाधारकाकडून फी न घेणाऱ्या सामाजिक न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. मराठी माणसाच्या दृष्टीने येथे आणखी एक अडचण संभवते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध केले, दोघांचाही बीएमआय २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय शल्यविशारद शस्त्रक्रियेसाठी ३७.५ आणि ३२.५ या खालच्या मर्यादा धरतात, त्याचे कारण हेच. युरोपीय देहासाठी आखलेल्या रेषेपर्यंत पोहोचेतो आपल्या माणसाच्या स्वादुपिंडाची शक्ती बरीच खर्ची पडलेली असते.

या शस्त्रक्रियेला ‘आळशी माणसाचा सोपा मार्ग’ म्हणणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. अमेरिकेतील आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराची लहानशी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडली, तेव्हापासून या शास्त्राने पुष्कळ मजल मारली आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासाचे २००७ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहता, शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटले होते. ज्या उपायाने आयुष्य वाढते, त्याची कुचेष्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मात्र हे वाढलेले आयुष्य जगायचे कसे, हा प्रश्न रुग्णालयातून बाहेर पडल्यावर सुरू होतो. घास चावून चावून त्याचे पाणी करावे लागते, जेवताना पाणी प्यायचे नसते, आणि जेवणानंतरही अर्धा तास घोट घेता येत नाही. गोड पदार्थ जरा अधिक पोटात गेला की थोड्याच वेळात छातीत धडधड, दरदरून घाम आणि उभे राहता येऊ नये अशी ग्लानी येते, ज्याला तेथील रुग्ण ‘डम्पिंग’ म्हणतात. मद्य पूर्वीपेक्षा लवकर व अधिक चढते. पहिल्या काही महिन्यांत केसांचे पुंजके कंगव्यात येतात. स्त्रियांना वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम ही सारी आजन्म घ्यावयाची. उलट्या थांबत नसतील आणि बी-१ वेळेवर दिले गेले नाही, तर काही आठवड्यांतच मेंदूला कायमची इजा होऊ शकते. उपाहारगृहात लहान ताट मागताना संकोच वाटू नये म्हणून पुष्कळ जर्मन रुग्ण, जठरावर शस्त्रक्रिया झाली असल्याने अर्धे ताट देण्याची कृपा करावी, अशा अर्थाचे एक छोटे कार्ड खिशात बाळगतात.

म्युनिक, श्टुटगार्ट किंवा फ्रँकफुर्टच्या मराठी घरांत असे कार्ड दाखविण्याची सोय नाही. तेथे आग्रह असतो. गणपतीच्या जेवणात अर्धी पुरणपोळी पानात ठेवून थांबणाऱ्या पाहुण्याला ‘एवढ्यानं काय होतंय, वहिनी, वाढा त्यांना अजून’ असे प्रेमाने म्हटले जाते, आणि त्या प्रेमाची किंमत तो पाहुणा पुढच्या तासाभरात आतल्या खोलीत आडवा होऊन चुकवतो. शाकाहारी माणसाला तर दिवसाकाठी साठ ग्रॅम प्रथिने दोन चमचे वरण-भातातून मिळणे अशक्य. सुदैवाने ज्या क्वार्कचे श्रीखंड तेथील मराठी गृहिणी करतात, तोच बिनसायीचा क्वार्क साखरेविना, जिरे-मीठ लावून खाल्ला तर शंभर ग्रॅममागे बारा ग्रॅम प्रथिने देतो. यजमानांनी पाहुण्यासमोर तो वाटीभर ठेवला, तर आतिथ्यात काही उणे पडणार नाही.

आता निधीच्या नियमांकडे वळू. जीवनसत्त्वांच्या या गोळ्यांना पूरक अन्न समजून त्यांचा खर्च रुग्णावर टाकला जातो. लोहाच्या गोळ्यांचा खर्च मिळतो, पण रक्तक्षय सिद्ध झाल्यानंतर. बी-१ चा मिळतो, पण गंभीर कमतरता सिद्ध झाल्यानंतर. म्हणजे जी हानी निश्चित संभवते असे शास्त्र सांगते, ती होऊन गेल्यावरच दप्तर उघडायचे! साठ-सत्तर किलो वजन उतरल्यावर पोटावर, मांड्यांवर लोंबणारी कातडी घामाने चिघळते. पण ती काढून टाकण्याचा अर्ज, बरा न होणारा त्वचारोग दाखवता आला नाही, तर बहुधा नामंजूर होतो. जुलै २०२० मध्ये जर्मन संसदेने मधुमेहविषयक राष्ट्रीय धोरणाच्या ठरावात अतिस्थूलतेला रोग मानले. मग दीर्घकाळच्या रोगावर एकदाच खर्च करून हात झटकणे कोणत्या तर्कात बसते?

गोळ्यांचा महिन्याचा खर्च तो काय, असे कोणी म्हणेल. परंतु अतिस्थूलता जर्मनीत अल्प उत्पन्नाच्या घरांत अधिक आढळते, आणि महिनाअखेरीस हात आखडला की ज्या गोळीचा उपयोग आज जाणवत नाही, तीच सर्वांत आधी बंद होते.

आपल्याकडे विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली ठराविक अटींवर ही शस्त्रक्रिया विम्याच्या कक्षेत आणली, हे योग्यच झाले. पण रुग्णालयोत्तर खर्चाची मुदत साधारणतः साठ-नव्वद दिवसांत संपते, आणि बी-१२ च्या कमतरतेला तर पुष्कळदा त्यानंतरच आरंभ होतो. म्हणून जर्मनीतील निधींना आणि येथील विमा कंपन्यांनाही माझी एकच विनंती आहे: ज्या पत्राने शस्त्रक्रियेस मंजुरी दिली जाते, त्याच पत्रात वार्षिक रक्ततपासणी, आहारतज्ज्ञाची भेट आणि आजन्म घ्यावयाची जीवनसत्त्वे यांचीही मंजुरी लिहिली जावी.