आधी गळती शोधा, मग गॅस भरा

‘उन्हाळ्याआधी गाडीच्या एसीत गॅस भरून घ्या’ हा आपल्या पुरवणीतील सल्ला अर्धवट आहे. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. वर्षभरातच गॅस कमी होऊन थंडावा गेला, तर कुठेतरी गळती असणारच. गॅससोबत कॉम्प्रेसरचे तेलही झिरपते, म्हणून कंडेन्सरवर किंवा पाइपांच्या जोडांवर धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसतो. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावला की बुडबुडे जागा दाखवतात. बरेचदा दोष साध्या ओ-रिंगचा निघतो. ती बदलून, व्हॅक्यूम करून, गाडीच्या स्टिकरवर दिलेल्या वजनाइतकाच गॅस भरावा. शिवाय अनेक गाड्यांच्या एसीत असणारा आर-१३४ए हा वायू तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून अधिक घातक आहे. तेव्हा गळती न शोधता गॅस भरू पाहणाऱ्या मेकॅनिकला वाचकांनी सरळ नकार द्यावा.

– एक वाचक, नाशिक